वादळवाल्यांना गेलेला फोन

"मावशी, मी नाही हो मारलं त्यांना!" मारिसोल चिखलाच्या बुटांनी थेट मर्लबाईंच्या स्वयंपाकघरात शिरली.

क्लेम म्हाताऱ्याची देखभाल करायला ती परवाच फिलिपिन्सहून ऑस्ट्रेलियात आली होती. काल वादळात व्हरांड्यावर निलगिरी कोसळली नि क्लेम तिच्याखाली सापडला. फोन गेला तो ॲम्ब्युलन्सला नाही, वादळवाल्यांना. पडलेली झाडं कापणारी ती नारिंगी कपड्यांतली माणसं घरामागून घर करत संध्याकाळी पोचली. तोवर क्लेम संपला होता.

"त्यांचा पुतण्या रॉइस माझ्यावर ढकलतो, की फोन मी केला. पण त्यानेच माझ्या हातातून फोन घेऊन बाहेर नेला होता!"

"नवीन पोर आहे, वहिनी," मर्लबाईंचा दीर डेस कळवळला. "चुकला असेल नंबर."

"तू चहा पी, डेस."

मर्लबाईंनी वादळवाल्यांच्या प्रमुखाला गाठलं. त्याच्याकडे लिहून आलेला निरोप असा होता: झाड पडलंय, घरात कोणी नाही, मागच्या फाटकाने या, साखळी नुसती अडकवलेली आहे.

"मागचं फाटक कसं आहे ग?"

"मागे फाटक आहे?" मारिसोल बघतच राहिली.

"बरं. माणूस पडला तर कुठला नंबर फिरवशील?"

"नऊ-एक-एक. आमच्याकडे तोच."

तिघं क्लेमच्या घरी पोचली तेव्हा रॉइस शेडपाशी उभा होता. "ॲम्ब्युलन्सला तीन शून्यं फिरवायची, हे बालवाडीतल्या पोरांनाही कळतं! या बयेला नाही."

"खरंय बाबा. शेडवर ताडपत्री कसली?"

"मागच्या वादळात पत्रे उडाले. नारिंगीवाल्यांनी टाकली."

"बोलावलं कोणी?"

"मीच. दुसरं आहे कोण इथे?"

"लगेच आले?"

"छे, दुसऱ्या दिवशी! कोणी अडकलं नसेल तर ते सावकाशच येतात."

मर्लबाई व्हरांड्याच्या पायरीवर टेकल्या.

"घाबरलेली नवखी पोर आपल्या देशाचा नंबर फिरवते, डेस. वादळवाल्यांचा सहा आकडी नंबर काय तिच्या स्वप्नात आला? नि जे फाटक तिने पाहिलंच नाही, त्याची साखळी?"

रॉइसचा चेहरा उतरला. "गडबडीत... चुकलो असेन मी."

"'घरात कोणी नाही' हेही गडबडीत? ते कॉल नोंदून ठेवतात, मेल्या. आवाज कोणाचा, ते पोलीस आज ऐकतील."

"पण तेव्हा क्लेम तर जिवंत होता!" डेस ओरडला.

"म्हणूनच. क्लेमची जमीन याच्या नावावर व्हायला नुसता उशीर हवा होता. याने काकाला बोटही लावलं नाही. नंबर तेवढा निवडून फिरवला."



मारिसोल स्वतःच्या तळहाताकडे बघत होती. "झाडाखालून ते सारखे विचारत होते, ॲम्ब्युलन्सवाले निघाले का ग? मी हात धरून सांगत राहिले... निघालेत, येतीलच आता."