एका जिल्दीत तीन भाग

सुलतान बाजारातल्या मराठी वाचनालयात बाळकृष्ण आला, तो खरं तर कचेरीतल्या साहेबांच्या घरचं पुस्तक परत करायला. पुस्तक टेबलावर ठेवायचं आणि चालू लागायचं, एवढंच काम. पण टेबलामागे रजनी होती. तिनं मान वर करून विचारलं, "आणि तुम्ही? तुम्ही नाही वाचत?" — आणि पठ्ठ्याचा पाय तिथून निघेना.

"वाचतो की..."

"काय वाचता?"

"तुम्ही द्याल ते."

रजनी वकील केशवरावांची मुलगी. बी. ए. झालेली, आणि ते विसरू न देणारी. तिनं आपली सगळ्यात लाडकी कादंबरी त्याच्या हातात ठेवली. एका घराची तीस वर्षं, पण सांगितलेले दिवस फक्त तीन. एकेका भागात एकेक. तीन पातळ पुस्तकं आली होती. वाचनालयाच्या रिवाजाप्रमाणे त्यांची वरची कव्हरं काढून एका जिल्दीत बांधली होती. कथानक म्हणाल तर नाहीच. स्वयंपाकघर, अंगण, आणि माणसांच्या मनात चाललेलं काहीबाही. बरेच सभासद दहा पानांत हात टेकत. रजनीनं मात्र तीनदा वाचून महिला मंडळात भाषणही ठोकलं होतं.

"जड आहे हं," ती म्हणाली. "आधुनिक आहे."

आठ दिवसांनी तो आला तो चेहरा पाडून.

"रडवलंत की हो बाई! शेवटी आई जाते, भाऊ वेगळे होतात, घराला कुलूप..."

"शेवटी?" रजनी हसली. "अहो, शेवटी लग्न आहे! कुलूप सुरुवातीला. काळ उलटा वाहतो, तीच तर गंमत आहे."

"नक्को! लग्न आधी आहे."

"आधी कुलूप!"

"आपण दोघांनी एकच किताब वाचली का नाही, काय की..."

भांडण मिटेना, आणि ते मिटावं असं दोघांनाही वाटेना. तो दर गुरुवारी कचेरी सुटली की येई. भांडायला, अर्थात! गुरुवारी रजनीची वेणी जरा जास्त नीट असे, हे तिच्या आईच्याही लक्षात आलं होतं.

एवढ्यात भाषेप्रमाणे राज्याचे तुकडे पाडायचं ठरलं. एक नोव्हेंबरपासून हैदराबाद राज्यच राहणार नव्हतं. बाळकृष्ण परभणीकडचा, कचेरीतल्या फायलींबरोबर त्याचीही वाटणी झाली. मुंबई राज्य, नेमणूक औरंगाबादला. हे त्यानं एकदाच सांगितलं, तेही खिडकीबाहेर बघत. आणि लगेच कादंबरीकडे वळला. रजनीला त्याचा भयंकर राग आला. हा असाच स्टेशनवर जाऊन गाडीत बसणार, आणि आपण सभासदांची कार्डं लावत बसणार? तिला तो हवा होता. अगदी सरळ, साधा, हवा होता.

निदान भांडण तरी जिंकावं म्हणून तिनं पुण्याहून त्याच कादंबरीचे सुटे भाग मागवले. पंचवीस ऑक्टोबरला, गुरुवारीच, आबिड्सच्या पोस्टातून पुडकं आणलं, वाचनालयात येऊन सोडलं. भाग पहिला... मांडव, हळद, नवरी! भाग तिसरा... कुलूप. तिचे कान तापले.

घोटाळा छत्ता बाजारात, पुस्तकं बांधतानाच झाला होता. जिल्दसाज रहीमसाहेबांनी जन्मभर उर्दू किताबा बांधलेल्या. त्यांनी सवयीनं भागही उजवीकडून डावीकडे रचले, पहिला भाग सगळ्यात मागे; भागांचे आकडे तर कव्हरांबरोबरच गेले होते. आणि मॅट्रिकपर्यंत उर्दूत शिकलेल्या बाळकृष्णानं सवयीनंच पुस्तक मागून उघडलं, हाती आला तो भाग आधी वाचला. सगळ्या सभासदांत कादंबरी बरोबर वाचणारा तो एकटाच निघाला. आणि आपलं ते भाषण!

तिला ते भाग लपवता आले असते. संध्याकाळी तो आला तेव्हा तिनं ते त्याच्यापुढे मांडले.

"हरले मी."

तो हसला नाही. एकेक भाग चाळत राहिला. "तुमचाच क्रम चांगला होता, रजनीबाई. निरोप आधी... लग्न शेवटी." मग त्यानं जीभ चावली.

"हे कादंबरीबद्दल बोलताय?"

"...नाही."

"मग नीट ऐका," रजनी म्हणाली. "आधी काय, शेवटी काय, यावरून आपण दोन महिने भांडलो. मधल्या दिवसावरून कधी भांडलो? बाई तांदूळ निवडतेय, पोराला ताप आहे, नवऱ्याला कचेरीतून यायला उशीर झालाय. घडत काहीच नाही. मला तो दिवस तुमच्याबरोबर हवाय. तसले पुष्कळ दिवस. औरंगाबादला तर औरंगाबादला."

बाळकृष्णानं तिन्ही भाग एकावर एक रचून ठेवले. म्हणाला, "वकीलसाहेब... काय बोलतील?"

"उलटतपासणी घेतील. उद्या या घरी."

"उद्या कशाला? आत्ताच चला की!"

त्या दिवशी वाचनालय अर्धा तास आधीच बंद झालं.