कल्ल्यांवरचं चांदणं

रंग जुळवून घ्यायला माणसं काय वाटेल ते घेऊन येतात. पडद्याचा तुकडा, उशीचा अभ्रा... एक बाई तर हिरव्या शर्टासकट नवराच घेऊन आल्या होत्या. पण जिवंत मासा घेऊन आजवर कुणी आलं नव्हतं.

“हा रंग हवाय,” असं म्हणत त्याने पाण्याने टम्म फुगलेली पिशवी काउंटरवर ठेवली. आतला गोल्डफिश तोंडाची उघडझाप करत तिच्याकडे बघत होता.

ती त्या रंगांच्या दुकानात शेड जुळवून द्यायची. तिने आधी माशाकडे पाहिलं, मग माणसाकडे. “कशाला लावायचाय?”

“दवाखान्याच्या भिंतीला. मी दातांचा डॉक्टर. बाहेर बसलेले पेशंट आधीच पांढरेफटक, त्यात भिंतीही पांढऱ्या. मला न घाबरणारा एवढा एकच आहे तिथे.”

“तो कशाला घाबरेल? त्याचे दात घशात असतात.”

“घशात? कुणी घातले?”

तिला हसू फुटलं. गिऱ्हाइकांसमोर ती सहसा हसत नसे. “जन्मतःच असतात. माझे बाबा घरी गोल्डफिशची पैदास करतात. आणि हा...” तिने पिशवी उजेडाकडे वळवली. शेपटीच्या टोकाला दुधाचा थेंब सांडावा तसा डाग होता. “हा आमच्याच घरचा. हा डाग आमच्या माशांनाच असतो.”

“म्हणजे आपली सोयरीक जुनीच निघाली की!” तो बोलून गेला, आणि मग त्याचे कान माशाच्या रंगाचे झाले.

रंग जुळायला बराच वेळ लागला. पिवळा जरा जास्त पडायचा, तो काढायला लाल, तो झाकायला पुन्हा पांढरा... त्याला घाई नव्हती. तिलाही नव्हती, हे तिला डबा बंद करताना कळलं.

संध्याकाळी तिने घरी सांगितलं तेव्हा बाबा बाह्या वर सारून गॅलरीत टाक्यांची काच पुसत होते. घर दोघांचंच होतं. आई ती लहान असतानाच गेलेली.

“नर आहे तो,” बाबा म्हणाले. “वयात आला असेल आता. रविवारी घेऊन यायला सांग, आपल्याकडे त्याच्या जोडीची मादी आहे. माणूस कसा आहे गं?”

“मला काय माहीत? रंग बरा निवडला.”

बाबांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं आणि हसू लपवायला बादलीत हात घातला. “बघ गं, पाणी फार गार नाही ना?”

त्या घरात माया अशीच चालायची. बोलून दाखवायची पद्धत नव्हती. पाणी गार आहे का, छत्री घेतलीस का, एवढ्यावर भागायचं. तिने बोट बुडवून पाहिलं आणि म्हणाली, “ठीक आहे.” जेवणं झाली, भांडी झाली. दिवस नेहमीसारखा गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने डॉक्टरला फोन करून रविवारचं कळवलं. दुपारी बाबा पाणी बदलता बदलता दमले म्हणून स्टुलावर टेकले, ते उठलेच नाहीत.

रविवारी बेल वाजली. दार आत्याने उघडलं. बाबांची ही धाकटी बहीण, बातमी कळल्यापासून इथेच राहायला आलेली. दारात इस्त्रीचा शर्ट, हातात पिशवी, पिशवीत मासा.

“काकांनी बोलावलं होतं...”

“अहो, तो गेला हो. बुधवारी,” आत्या म्हणाली.

त्याने पिशवी छातीशी धरली. “मी... नंतर कधीतरी...” म्हणत तो मागे वळला.

“मासा ठेवून जा,” आतून ती म्हणाली. इतक्या दिवसांत तिने एवढं लांब वाक्य उच्चारलं नव्हतं. “बाबांनी शब्द दिला होता.”

मासे बाबांचे, त्यांच्या दुखण्याखुपण्यातलं तिला ओ की ठो कळत नव्हतं. बाबा करायचे तसं ती पाणी बदलायची, चिमूटभर खाणं टाकायची. एका सकाळी पाहते तर पाहुण्या माशाच्या कल्ल्यांवर बारीक पांढरे ठिपके उठलेले! तिने दवाखान्यात फोन लावला.

“तुमच्या माशाला पुरळ आलंय.”

“पुरळ? आलोच!”

तो खरंच आला. कपाळावर दात बघायचं भिंग तसंच. दोघांनी मिळून माशाला वेगळ्या बादलीत काढलं, पाण्यात मीठ घातलं. डॉक्टर बादलीवर वाकून गंभीरपणे म्हणाला, “घाबरायचं नाही हं. अजिबात दुखणार नाही.”

“हे सगळ्यांनाच सांगता?”

“सगळ्यांनाच. खोटंच असतं.”

बादलीवर दोघांची डोकी इतकी जवळ आली होती की तिच्या श्वासाने त्याचं भिंग धुरकट झालं. त्याने ते पुसलं नाही... तसाच बघत राहिला.

तेवढ्यात आत्या चहा घेऊन आली. बादलीत डोकावली आणि कप खाली ठेवून पोट धरधरून हसायला लागली. “काय गं हे! आणि तुम्ही डॉक्टर ना? अहो, हा रोग नाही. नर वयात आला, जोडीची ओढ लागली की त्याच्या गालांवर असं चांदणं उगवतं. दादा मला दर वर्षी बोलावून दाखवायचा. ह्या माशाला लगीनघाई झालीये, आणि तुम्ही दोघं बिचाऱ्याला मिठात घालून बसलात!”

डॉक्टरचे कान पुन्हा रंगले. ती हसायला गेली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. बाबा तिलाही हाक मारायचे दर वर्षी. ती ‘आलेच’ म्हणायची आणि पुस्तक मिटेपर्यंत विसरायची. तिने तोंड फिरवलं. त्याने गार होणारा कप तिच्या हाताजवळ सरकवला.

माशाला मादीच्या टाकीत सोडलं. आत्याने लोकरीचे झुबके बांधून पाण्यात सोडले, आणि दुसऱ्या सकाळी पाण्यात नुसती धांदल उडाली. नर मादीच्या मागे मागे, मादी झुबक्यांतून आरपार... लोकरीला मधाच्या थेंबांसारखी अंडी लगडली.

“आता आईबापांना उचला,” आत्या म्हणाली. “आपलीच अंडी गिळतात मेले. पोटचं कुठलं आणि खाणं कुठलं, काही कळत नाही त्यांना.”

मग डॉक्टर रोजच दवाखाना आटोपून येऊ लागला. अंड्यांत काळे डोळे दिसायला लागले, ते त्याने आपलं भिंग तिच्या कपाळावर बांधून तिला दाखवले. बांधताना एक केस गाठीत अडकला. तो सोडवायला त्याला गरजेपेक्षा फार वेळ लागला, आणि तिनेही घाई केली नाही. अंडी फुटली, पिल्लं पापणीच्या केसांसारखी काचेला चिकटून राहिली. दोघं उकडलेल्या अंड्याचा बलक फडक्यातून गाळून त्यांना भरवत. पिवळा ढग पाण्यात उलगडायचा. गॅलरीतलं ऊन, पाण्याची हलती जाळी त्याच्या शर्टावर, पंपाची झोपाळू गुरगुर... बोलायचं ते सगळं माशांबद्दलच बोललं जायचं.

पिल्लं वाढली, पण रंगाने मात्र मातकट.

“फसवणूक आहे ही,” तो म्हणायचा. “तुमच्या दुकानात बदलून मिळेल का?”

“थांबायला शिका.”

“मी थांबलोच आहे,” तो हळूच म्हणाला. ती काच पुसत राहिली.

आत्या आपल्या घरी परत गेली. आणि एका संध्याकाळी एका पिल्लाच्या पोटाशी नारिंगी कड उमटली. पाठोपाठ दुसऱ्याच्या, तिसऱ्याच्या. ती खूप वेळ बघत राहिली. ती शेड तिला कुठल्याच डब्यात सापडली नसती.

त्याला सांगितलं तर तो दुसऱ्या दिवशी पिशवी घेऊनच आला.

“पिल्लं आता सुखरूप आहेत,” तो म्हणाला. “पाहुण्याला न्यावं म्हणतो. फार दिवस झाले. लोक काय म्हणतील... म्हणजे दवाखान्यातले. रोज विचारतात, मासा कुठाय.”

“हो ना,” ती म्हणाली.

तिने जाळीने मासा अलगद पकडला, पिशवीत सोडला, रबर गुंडाळलं. सगळं नीट, बाबांसारखं. पिशवी त्याच्या हातात दिली. तो दारापर्यंत गेला. चपलेत एक पाय घालून उगाच रेंगाळला.

“मग... येतो.”

तिच्या ओठांवर आलं होतं, ‘पाणी सांडू नका’. त्या घरात एवढंच म्हणायची रीत होती. तो दुसऱ्या चपलेत पाय घालत होता. मागे बाबांचं स्टूल रिकामं होतं.

“ऐका,” ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही. “माझा बाबांवर फार जीव होता. त्यांना मी एकदाही सांगितलं नाही. वाटायचं, कळतंय की त्यांना. कळतही असेल... पण मी सांगितलं नाही.”

तो वळला. पिशवीतलं पाणी हिंदकळलं.

“तुमच्यावरही जीव जडलाय माझा,” ती म्हणाली. “जाऊ नका.”