देवकीच्या पोटातला वकील

नाशिकरोड स्टेशनावरच्या पुस्तकांच्या स्टॉलवर त्या शनिवारी साप्ताहिकाचा एकच अंक उरला होता, आणि त्याला दोन हात एकदमच लागले. एक मैनेचा, दुसरा एका उंच, उन्हानं रापलेल्या तरुणाचा. सभ्य माणसानं हात मागे घेतला असता. यानं घेतला नाही. मैनेनंही नाही. मुलींच्या शाळेत शिकवणारी बाई ती, अंक सोडते कसली.

"मला यातलं फक्त एक पान हवंय," तो म्हणाला.

"कोणतं?"

"शब्दकोड्याचं."

"मग सोडा. मलाही तेवढंच हवंय."

शेवटी तोड निघाली. अंक मैनेचा, पण गावात जाणाऱ्या मोटारीत बसल्या बसल्या त्यानं कोडं उतरवून घ्यायचं. सदतीस सालचा पौष होता. मोटारीच्या बाजूची कनात फडफडत होती, थंडी पार कानांत शिरत होती, आणि हा बाबा गुडघ्यावर कागद धरून चौकटी आखत होता. रेघ एकही सरळ येईना. मैना तोंडावर पदर धरून बाहेर बघत राहिली, कारण हसू येत होतं.

आता हे कोडं कसलं, ते सांगितलं पाहिजे. साधं नव्हे ते, कूटकोडं. प्रत्येक सूत्र वरून दिसायला एक वाक्य, आत भलतंच काही. एका टोकाला उत्तराचा सरळ अर्थ ठेवलेला, आणि उरलेल्या शब्दांत तेच उत्तर जुळवायची कृती. ज्याला हे ठाऊक नाही, तो वाक्याच्या अर्थामागे धावतो आणि तोंडघशी पडतो. रंगनाथ, म्हणजे हाच तरुण, गेले कित्येक महिने इमानेइतबारे तोंडघशी पडत होता.

त्या दिवशीचं पहिलं सूत्र होतं, 'पावामागून बायकोचा भाऊ आला, छत्री काढा.' अक्षरं चार. त्यानं 'मेहुणा' लिहिलं आणि एक चौकट उरली म्हणून छापणाऱ्याला नावं ठेवली. मैनेतली मास्तरीण जागी झाली.

"बायकोचा भाऊ म्हणजे साळा. तो कुणामागून आला? पावामागून. आता जोडा... आणि छत्री कधी काढतात ते बघा."

तो कागदाऐवजी तिच्याकडेच बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "पावसाळा. काय करणार, मला अजून बायको नाही. साळ्यांचा अनुभव कुठून असणार?"

मैनेचे कान तापले. थंडीत असं होतं कधी कधी, अशी तिनं स्वतःची समजूत घातली.

पुढचं सूत्र 'नदी उलटी वाहिली की गरीब होते'. तो कालव्यांच्या खात्यात ओव्हरसियर होता. नदी उलटी वाहत नाही, हे त्यानं खात्यातर्फे ठणकावून सांगितलं. तिनं त्याला नुसतं 'नदी' शेवटाकडून वाचायला लावलं. 'दीन' निघालं तसा तो इतक्या मोठ्यानं हसला की समोर पेरूची पाटी घेऊन पेंगणारी म्हातारी दचकून जागी झाली.

कोडं मैनेचं नव्हतंच खरं तर. ते तिच्या वडिलांचं. खंडेराव, घरातले नाना, मामलेदार कचेरीतून पेन्शन घेऊन घरी बसले आणि दोन वर्षांत काचबिंदूनं त्यांचे दोन्ही डोळे नेले. तेव्हापासून मैना सूत्रं वाचायची आणि नाना ओट्यावर घोंगडी पांघरून ती डोक्यातल्या चौकटींत सोडवायचे. आई नव्हती. मैनेला मागण्या आल्या, तिनं परतवल्या. नानांना कोडं कोण वाचून दाखवणार, एवढंच ती म्हणायची. लोकांना ते खुळ्यासारखं वाटायचं.

रंगनाथ पुढच्या शनिवारी घरी हजर झाला. निमित्त काय, तर उतरवलेल्या कागदात एक चूक वाटते. चूक नव्हती. मग त्याच्या पुढच्या शनिवारीही आला. नानांना माणूस आवडला, कारण तो विचारायचा पुष्कळ. मैना चहा देताना कप मुद्दाम दूर ठेवायची आणि तो हात लांब करून नेमका तिची बोटं बशीवरून सुटायच्या आत घ्यायचा. आळीला हे दिसत होतंच. आळीचे डोळे शाबूत होते.

त्या घराचा एक नेम होता. सगळी सूत्रं सुटून शेवटचं एक अडलं की ते नानांचं. आठवडाभर त्यांनी ते घोळवायचं, जेवताना पुटपुटायचं, आणि कुणीही तोंड उघडायचं नाही. त्या आठवड्यात अडलेलं सूत्र होतं, 'देवकी लगबगीनं निघाली, पोटात काळा कोट घालणारा.' नाना सहा दिवस कंस, कृष्ण, कारागृह पालथं घालत होते.

शनिवारी रंगनाथ आला, अंकावर नजर टाकली आणि लहान मुलासारखा ओरडला, "अहो नाना, वकील! इथंच तर लिहिलंय. देवकीतला 'वकी' आणि लगबगीतला 'ल'. वाक्याच्याच पोटात बसलाय!"

नानांनी घोंगडी सारखी केली. मग म्हणाले, "हं. दिसण्यातलं होतं होय. ऐकण्यातलं नव्हतं." आणि आत जाऊन पडले. त्या दिवशी नवा अंक वाचू नकोस म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा.

रंगनाथ निघाला, तशी मैना त्याच्यामागून अंगणापर्यंत गेली. ती चिडली की आवाज चढत नसे, उतरत असे.

"मला ते गेल्या शनिवारी अंक आणताना मोटारीतच दिसलं होतं," ती म्हणाली. "सहा दिवस गिळून बसले होते मी. डोळे गेले त्यांचे, तेवढी एकच गोष्ट उरली होती जिथं ते आंधळे नव्हते. तुम्ही ती आज काढून घेतलीत."

रंगनाथाची मान खाली गेली. तो चुकलो म्हणाला, पण मैना तोवर घरात गेली होती. त्या रात्री तिला झोप आली नाही. राग होता म्हणून नव्हे. तो परत आला नाही तर, म्हणून.

तो आला. पुढच्याच शनिवारी, एका कागदावर स्वतः बनवलेलं कोडं घेऊन. नानांपुढे बसून त्यानं पहिलंच सूत्र वाचलं, 'काल वा म्हटलं, आज पाणी वाहिलं.'

नाना ते दोनदा पुटपुटले. मग उठून बसले. "कालवा. पण काय रे, हे 'आज' इथं काय करतंय? सूत्रात एकही शब्द आयतोबा चालत नाही. आणि पाणी वाहिलं म्हणजे कालवा होतो का? तुझ्या खात्यात असेल. 'काल वा म्हटलं, पाण्याला वाट मिळाली', असं लिही." ओट्यावरून तासभर त्यांचा आवाज येत होता. प्रत्येक सूत्राची त्यांनी हाडं खिळखिळी केली आणि दुपारी दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

दारात मैनेनं त्याला गाठलं. "नानांसाठी मुद्दाम वाईट केलंत ना?"

"नाही हो," तो कळवळून म्हणाला. "आठवडाभर खपून जितकं चांगलं जमलं तितकं केलं..."

मैना हसली, आणि हसता हसता तिला स्वच्छ कळलं की हा माणूस आपल्याला हवा आहे.

उन्हाळ्याच्या तोंडाशी त्याची धुळ्याला बदली झाली. सांगताना तो उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. लग्नाचं विचारलं, आणि नानांमुळे तिचं अडत असेल तर नोकरी सोडतो म्हणाला.

"नोकरी सोडायची नाही," मैना म्हणाली. "मला तुम्ही हवे आहात, हे आधी ऐकून ठेवा. पण नानांना टाकून मी यायची नाही. आणि नाना आपल्याकडे राहायचे नाहीत."

ते खरंच होतं. लेकीच्या घरी बापानं पाणीसुद्धा पिऊ नये, असं मानणाऱ्या पिढीतले ते. त्यांचे वडील लेकीकडे गेले तेव्हा पाण्याचा तांब्या घरून भरून नेला होता. नानांनी ओट्यावरून सगळं ऐकलं होतंच. तू जा, माझं होईल कसंही, असं ते म्हणाले, आणि म्हणताना काठी उगाच चाचपत राहिले.

मैना त्यांच्यापुढे बसली. "नाना, एक विचारू? हे तुमचे शिष्य आधी झाले, की जावई आधी होतील?"

"जावई व्हायचाय अजून. शिष्य... तो आहे. ढ आहे, पण आहे."

"गुरू शिष्याच्या घरी राहतो का?"

रंगनाथानं तोंड उघडलं. मैनेनं नुसतं पाहिलं, त्यानं मिटलं. नाना विचारात पडले. आळीतून भांडी घासल्याचा आवाज येत राहिला, ऊन ओट्याची एक पायरी उतरलं. मैनेचा हात रंगनाथाच्या हातात कधी गेला ते तिलाही कळलं नाही, आणि नानांना दिसत नव्हतं म्हणून तो तसाच राहिला.

"धुळ्याला फार उकडतं म्हणतात," नाना अखेर म्हणाले.

"हो, फार," रंगनाथ म्हणाला.

"मग माझा जाड कोट इथंच राहू दे, मैना. आणि हे बघ रंगनाथ, घर तुझं हं, माझ्या शिष्याचं. भांडणात हिच्या तोंडून एकदा जरी 'माझं घर' निघालं, तर मी त्या घरात पाणी पिणार नाही."

मैना लग्नानंतर पुष्कळ भांडली. पण 'माझं घर' असं ती, नाना होते तोवर, कधीही म्हणाली नाही.