आसरांच्या डोहावरचं पाऊल

पुंडलिकनगरात पिठाच्या गिरणीवर सुकेशनी जमधडेचं खासगी तपासाचं ऑफिस होतं. जिन्याच्या पायऱ्या बारा महिने पिठानं पांढऱ्या. त्या पुसून घ्या म्हणून सांगून अंगदसर कंटाळले, पण ती ऐकत नसे.

"राहू द्या सर. माणसाच्या आधी त्याची पावलं कळतात," ती म्हणायची.

अंगदसर चित्रकलेचे निवृत्त शिक्षक. शेजारीच राहायचे, तिची गाडी चालवायचे आणि प्रत्येक प्रकरणात पहिल्याच दिवशी गुन्हेगार ओळखायचे. त्यांचा अंदाज आजवर एकदाही बरोबर आला नव्हता. त्यामुळे त्यांचा उत्साह कमी झाला होता म्हणावं, तर तसंही नाही.

त्या सकाळी शालू आली ती चपला खालीच काढून. पंचविशीची पोरगी, डोळे रडून सुजलेले.

"ताई, माझ्या बापाला फौजदार उचलणार हाये. त्यानं काय बी केलं नाय."

तिचा बाप कडूबा पिशोरच्या पलीकडच्या डोंगरात मेंढरं राखायचा. शहरातलं 'नदीवाट मंडळ' दर हिवाळ्यात नद्यांच्या घळींतून पायी हिंडायचं. मंडळाचे प्रमुख तात्यासाहेब, सत्तरीचे, काटक. यंदाच्या पुरात आसरांच्या घळीतली जुनी वाट वाहून गेली, म्हणून त्यांनी कडूबाला नवी वाट शोधून चुन्याचे बाण काढायला सांगितलं. शनिवारी त्यानं बाण काढले. रविवारी सकाळी मंडळी बसनं यायच्या आधी तात्यासाहेब नेहमीसारखे एकटेच वाट बघायला उतरले. डोहापुढं बाण उजवीकडं हवा होता, तो डावीकडं होता. तिकडं शेवाळलेली कपार. तात्यासाहेब तिथून कोसळले. आता दवाखान्यात बेशुद्ध होते.

"फौजदार म्हणतो, बाण तूच काढले, आन भांडणही तुझंच झालं होतं."

"झालं होतं का?" सुकेशनीनं विचारलं.

"बाप म्हणला होता, इतकी माणसं आणू नका, डोहात प्लास्टिक टाकतेत. त्याला काय भांडण म्हणायचं? ताई, बाप आत गेला तं मेंढरं मी बी राखीन. पण म्हाताऱ्याला कडूबानं पाडलं, हे त्याला मरस्तोर चिकटंल. त्यानंच मरंल तो."

ती गेल्यावर सुकेशनी बराच वेळ जिन्याकडं बघत उभी राहिली. पिठात दोन अनवाणी माणसांची पावलं होती. शालूची बोटं पंख्यासारखी फाकलेली, शेजारच्या दारातून चहाला आलेल्या सरांची एकमेकांना बिलगलेली.

"काय बघताय?" सरांनी विचारलं.

"चित्रं. तुमचं जरा अंग चोरून काढल्यासारखं दिसतंय."

सरांना ही टीका मुळीच आवडली नाही.

*

घळीत उतरताना सरांनी गुडघ्यांच्या नावानं बरीच बोटं मोडली, पण खाली पोचल्यावर ते गुडघे विसरले. दोन्ही बाजूंना काळे उभे कातळ, वर आभाळाची निळी पट्टी आणि मधून नदी दगडांवरून बोलत चाललेली. शहरापासून इतक्या जवळ असं काही आहे आणि आपल्याला ठाऊक नाही, याची त्यांना उगाच लाज वाटली.

कडूबा पुढं होता. टायरच्या वहाणा, रापलेला चेहरा, बोलणं कमी. एका वळणावर तो थांबला.

"सर, बूट काढा."

"इथं? का?"

"म्होरं आसरांचा डोह हाये. जुनी माणसं पायताण घालून जात नाय. तात्यासाहेब बी काढायचे."

सरांनी आजूबाजूला पाहिलं. ना शेंदूर, ना दगड, ना झेंडा. "देव कुठंय पण?"

"देवीचे दगड पुरात गेले. अजून मांडले नाय. पण आसरा, पाण्यातल्या बाया, हायेत तिथंच हायेत."

बूट हातात घेऊन, गार उथळ पाणी ओलांडून ते कातळावर आले. फौजदार सुदर्शन गाडेकर तिथं वाटच बघत होते. त्यांच्या पायाशी चुना सांडून वाळला होता आणि त्यात एक अनवाणी पाऊल स्वच्छ उमटलं होतं.

"बघा मॅडम. शहरातली माणसं बूट घालून येतात. अनवाणी कोण फिरणार इथं?" त्यांनी कडूबाकडं मान उडवली.

"चुना तुमच्याकडून सांडला?" सुकेशनीनं कडूबाला विचारलं.

"नाय. उरलेला डबा म्या वर झाडाखाली ठेवला होता. दुसऱ्या दिवशी हलका लागला. आन माझा बाण ह्या धोंड्यावर होता. धोंडाच पालथा घालून दुसरा बाण काढलाय कोणी."

"सर, हे पाऊल काढून घ्या. जसं आहे तसं."

सरांनी मांडी घालून वहीत पाऊल उतरवलं. लांब, अरुंद. बोटं चिकटलेली, अंगठा आतल्या बाजूला वळून शेजारच्या बोटावर चढलेला. सावलीसकट काढलं आणि स्वतःच्याच हातावर खूश झाले. त्यांनी ते काढलं मात्र, पाहिलं नाही.

*

तात्यासाहेब आधी एकटे उतरतात, हे ठाऊक असलेली माणसं तीनच निघाली. एक कडूबा. दुसरी मंडळाची चिटणीस मोनिका. तिसरा तात्यासाहेबांचा पुतण्या शिवराज.

मोनिका गारखेड्यातल्या घरी सोफ्यावर पाय पसरून बसली होती. पायाला दिवाळीपासून प्लास्टर. सरांचा संशय तात्काळ बळावला. ती चहा सांगायला वळली तेव्हा त्यांनी प्लास्टरवर हळूच टकटक केलं. प्लास्टर खरं होतं.

"कडूबा असं करणार नाही," ती म्हणाली. "डोहाजवळ बूट काढायचे, हे आम्हाला त्यानंच शिकवलं. नव्या माणसाला दर वेळी सांगावं लागतं, नाहीतर कसं कळणार?"

"तात्यासाहेबांचं कुणाशी बिनसलं होतं?"

मोनिका घुटमळली. "शिवराजला घळीच्या काठावर तंबूंचं रिसॉर्ट करायचंय. जमीन तात्यासाहेबांची. ते म्हणतात, वाट सगळ्यांची आहे, मी कुंपण घालू देणार नाही. आता अपघात झाला म्हटल्यावर वाट बंदच होईल बघा."

शिवराज दवाखान्याच्या व्हरांड्यात भेटला. चाळिशीचा, इस्त्रीचा शर्ट, चकचकीत टोकदार बूट. सोबत त्याची आई आवडाबाई.

"मी त्या घळीत आयुष्यात पाय ठेवलेला नाही," तो म्हणाला. "माझा जन्म शहरातला. काकांना कितीदा म्हटलं, या वयात कशाला दऱ्याखोऱ्या? आणि त्या मेंढक्यावर कशाला भरवसा ठेवायचा?"

"उद्या आमच्यासोबत याल? घरच्या माणसानं जागा पाहिलेली बरी. फौजदारही असतील."

"येतो ना. त्यात काय!"

निघताना आवडाबाईंनी सुकेशनीचा हात धरला. "माय, त्या डोहाला माझा नमस्कार सांगा. भावजींना सांभाळ म्हणावं."

जिना उतरताना सर म्हणाले, "मला तर हा फौजदारच—"

"सर, गाडी काढा," सुकेशनी म्हणाली.

*

दुसऱ्या दिवशी तिनं चालण्याचा क्रम स्वतः लावला. शिवराज सगळ्यांत पुढं, मग ती, सर, फौजदार, शालू. कडूबाला तिनं पार मागं ठेवलं आणि बजावलं, "आज कुणाला काही सांगायचं नाही."

वळण आलं. शिवराज चालता चालता एका दगडावर टेकला, बूट-मोजे काढले, हातात घेतले आणि पाण्यात उतरला. बुटात खडा गेला असेल, असं सरांच्या मनात आलं. पाणी ओलांडून तो कातळावर चढला. कोरड्या काळ्या दगडावर त्याची ओली पावलं उमटत गेली.

"थांबा शिवराजसाहेब," सुकेशनी म्हणाली. "तुम्हाला बूट काढायला कुणी सांगितलं?"

तो वळला. हातातल्या बुटांकडं त्यानं असं पाहिलं, की जणू ते दुसऱ्याच कुणाचे होते.

"पाणी होतं म्हणून—"

"येताना दोनदा पाणी ओलांडलं. तेव्हा बूट घालूनच दगडांवरून उड्या मारल्यात. इथं उथळ पाणी, पावलोपावली दगड, तरी तुम्ही वळणाच्या अलीकडंच बसलात. इथं शेंदूर नाही, दगड नाही. आयुष्यात पहिल्यांदा येणाऱ्याला कसं कळलं?"

सुकेशनी फौजदारांकडं वळली.

"तुम्ही म्हणालात, अनवाणी पाऊल म्हणजे कडूबाचं. इथं तर प्रत्येकजण अनवाणी होतो, ज्याला ठाऊक आहे तो. म्हणून पाऊल अनवाणी आहे एवढं बघून भागत नाही. ते कसं आहे ते बघायचं. कडूबा, जरा पाय दाखवा."

कडूबानं ओला पाय कातळावर टेकवला. बोटं पंख्यासारखी फाकली.

"डोंगरात उघड्या पायानं वाढलेला पाय असा असतो. शालूचंही पाऊल माझ्या जिन्यावर असंच उमटलं. चुन्यातल्या पायाची बोटं मात्र टोकदार बुटात आवळून वाढलेली. म्हणजे माणूस बुटातला, पण डोहाची रीत पाळणारा. तात्यासाहेब आले ते दुसऱ्या सकाळी, तोवर चुना वाळलेला. मोनिकाबाईंचा पाय प्लास्टरमध्ये. सर, तुमचं चित्र दाखवा."

सरांनी वही शिवराजच्या ताज्या ओल्या पावलाशेजारी धरली. लांब, अरुंद. अंगठा वळून शेजारच्या बोटावर चढलेला. चित्र हुबेहूब जमलं होतं, पण या वेळी त्यांना अभिमान वाटला नाही.

"तुमच्या आईनं काल डोहाला नमस्कार सांगितला," सुकेशनी सावकाश म्हणाली. "अशा घरातलं पोर इथं कधीच आलं नाही, हे मला तेव्हाच पटेना. तुम्ही शनिवारी कडूबा गेल्यावर उतरलात. अंधारून आलं होतं, चुना सांडल्याचं दिसलं नाही. म्हाताऱ्या काकाला कपारीवरून पाडायला तुम्ही कचरला नाहीत. पण बूट घालून डोहावरून जायची तुमची छाती झाली नाही."

शिवराज कातळावर खाली बसला.

"लहानपणी मी या डोहात बुडत होतो," तो पुटपुटला. "काकांनीच काढलं. आईनं तेव्हा शपथ घातली, इथं कधी पायताण घालू नकोस... मला त्यांना मारायचं नव्हतं. पाय मुरगळेल, मंडळ घाबरेल, वाट बंद पडेल, एवढंच."

"आणि माझा बाप?" शालू किंचाळली. "त्याचं काय होणार होतं?"

ज्या हातांनी शिवराजला या पाण्यातून वर काढलं, त्यांना आता सुया टोचल्या होत्या. सरांना त्याचा विलक्षण राग आला, आणि रागाच्या आतून थोडी कीवही.

फौजदारांनी टोपी काढून कडूबाला म्हटलं, "चुकलं माझं."

परतीला शिवराज फौजदारांच्या पुढं चालला. पाणी ओलांडलं, वळण मागं पडलं, तरी तो अनवाणीच. बूट हातात लोंबत होते, पायात काटे मोडत होते, आणि त्याला भान नव्हतं.

कडूबा झपाझपा पुढं गेला. त्यानं ते बूट शिवराजच्या हातातून घेतले आणि त्याच्या पायाशी नीट जोडीनं ठेवले.

"घाला आता मालक," तो म्हणाला. "डोह मागं राहिला. हितून म्होरं आपली आपणच काळजी घ्यायची असती."

शिवराज वाकला, पण नाडी बांधायला त्याचे हात चालेनात. मग शालूच पुढं झाली, खाली बसली आणि तिनं ती नाडी बांधून दिली.