पेंढ्याच्या रेडकाला डोळे

खोटं वाटत असेल तर कडावला या. गोठाही आहे, चित्रही आहे. आणि माझी मावसबहीण हर्षलाही आहे.

गेल्या डिसेंबरातली गोष्ट. भात झोडून झालं होतं. लख्ख सकाळ... भुताखेताची वेळच नव्हे हो!

हर्षला शाळेत चित्रकला शिकवते. सातवा महिना, म्हणून घरीच होती. आरशात बघून स्वतःचं चित्र काढायची तिची जुनी हौस. पण एकटी कधी काढायची नाही. कॉलेजात खांद्यावर पोपट, लग्नाच्या साली पायाशी मांजर. "मनात असतं ते जनावर," म्हणायची.

या खेपेला चित्रात मांडीवर रेडकू घ्यायचं ठरवलं.

घरच्या म्हशीचं रेडकू मेलं होतं. म्हशीनं पान्हा चोरू नये म्हणून सासूनं, येसूबाईंनी, त्याच्या कातड्यात पेंढा भरून ठेवला होता. म्हैस तेच चाटायची आणि दूध द्यायची.

"काढ हवं तर," येसूबाई म्हणाल्या, "पण डोळे नको काढू गं. पेंढ्याचं हाय ते."

"आई, चित्रच तर आहे!"

काळेभोर, ओले डोळे काढले तिनं. हुबेहूब.

ब्रश खाली ठेवला...

आणि पोटातल्या लाथा थांबल्या.

संध्याकाळपर्यंत नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

नवरा रूपेश रसायनीहून ड्यूटी सोडून धावत आला. सोनोग्राफी झाली. डॉक्टर म्हणाले, ठोके उत्तम, बाळ हलतंय. स्क्रीनवर हलतही होतं. हिला मात्र आत काहीच जाणवत नव्हतं.

घरी येऊन तिनं चित्रातल्या त्या डोळ्यांवर पांढरा रंग फासला.

सकाळी बघते तर...

रंग चाटून काढलेला. चित्र घरात, आणि म्हैस तर गोठ्यात बांधलेली!

त्या दिवसापासून म्हशीनं पेंढ्याच्या रेडकाकडे पाठ फिरवली. दूध बंद. तिसऱ्या दिवशी हर्षला गोठ्यात गेली. म्हशीनं मान लांब केली. तिचं पोट हुंगलं. चाटलं.

आणि पान्हा सोडला.

"हर्षले, मागं हो गं! मागं हो!" दुधाची चरवी टाकून म्हातारी सासू रडायलाच लागली.

आता नववा सरत आलाय. रिपोर्ट सगळे चांगले. परवा मी भेटायला गेले, तर तिनं माझा हात ओढून पोटावर ठेवला.

"ताई, ऐक."

तिनं कूस बदलली...

आत पेंढा वाजला.

पुढच्या आठवड्यातली तारीख आहे. बाहेर ओटीवर रूपेश पाळणा रंगवत बसला होता.