हद्दीवरचा उशीर

"इथे कोणी बसलंय का?"

मी मान वर केली. समोर एक उंच माणूस उभा. ओलं जॅकेट, दोन्ही हातांत चहाचे कप. हायवेवरच्या त्या कँटीनमध्ये दुसरी खुर्ची रिकामी नव्हती, त्यामुळे नाही म्हणायची सोयच नव्हती.

"बसा. पण हळू. ही उठली तर आधी रडते, मग बोलते."

ही म्हणजे माझी भाची, मुंगी. सात वर्षांची. माझ्या मांडीवर डोकं टाकून, माझ्या स्वेटरमध्ये तोंड खुपसून गाढ झोपलेली. तो चोरासारखा अलगद बसला आणि एक कप माझ्याकडे सरकवला.

"चुकून दोन दिले. मी भांडलो नाही."

"अनोळखी माणसाकडून काही घ्यायचं नसतं."

"खरंय. मग मी तिकडे बघतो. कप कोणी उचलला ते मला कळणार नाही."

मी उचलला. का उचलला ते मला विचारू नका, मी स्वतःलाच अजून विचारतेय. बाहेर पाऊस भुरभुरत होता, काचेवर वाफ धरली होती, आणि त्या माणसाचे डोळे तोंडाच्या आधी हसत होते. बोलता बोलता मी सांगून टाकलं की मी दातांच्या कवळ्या बनवते. हे ऐकल्यावर लोक ओठ घट्ट मिटून घेतात. हा उलट तोंडभर हसला.

"माझे कसे वाटतात?"

"वरचा डावीकडचा एक खोटा आहे. बाकीचे... बरे आहेत."

तो कानापर्यंत लाल झाला. "लिफ्ट दुरुस्त करताना पडलो होतो. तोच धंदा माझा. लोक अडकले की मला बोलावतात."

"आणि तुम्ही अडकलात की?"

"तशी वेळ अजून आली नव्हती," तो म्हणाला आणि उगाचच कपात बघत बसला.

तेवढ्यात मुंगीने डोळे उघडले. रडली नाही. समोर बघून म्हणाली, "काका! तू कधी आलास?"

मी कप खाली ठेवला.

"म्हणजे तुम्ही... मावशी?" तो म्हणाला.

"म्हणजे तुम्ही... ते?"

ते म्हणजे माझ्या ताईचा दीर. ताईच्या लग्नाच्या वेळी हा परदेशात कुठेतरी लिफ्टा बसवत होता. मी त्याला फक्त एका फोटोत पाहिलं होतं आणि त्यात त्याला मिशी होती. आता त्या लग्नाचाच निकाल लागला होता. ताई मुंगीला घेऊन आमच्याकडे आली, भावोजी त्यांच्या राज्यात राहिले, आणि भांडण दोन राज्यांच्या दोन कोर्टांत सुरू झालं. मूल जिथे राहतं तिथल्याच कोर्टात खटला चालेल, एवढं ठरायलाच वर्ष गेलं. मग हुकूम झाला: मुंगी आईकडे राहील, एकाआड एक शुक्रवारी बाबांकडे जाईल, रविवारी संध्याकाळी परत येईल. देवाणघेवाण दोन्ही घरांच्या मध्यावर, राज्याच्या हद्दीवरच्या या बस थांब्यावर. सुरुवातीला ताई आणि भावोजी स्वतःच यायचे आणि असे कडाडून भांडायचे की कँटीनवाला गाणी मोठ्याने लावायचा. म्हणून मग मावशी आणि काका.

"जास्त बोलायचं नाही," ताईने मला बजावलं होतं. "मुलगी त्याच्या हाती द्यायची आणि बस पकडायची."

मी तर हसायचंसुद्धा नाही असं ठरवून निघाले होते. ज्या घराण्याचं नाव काढलं की माझ्या नाकावर राग यायचा, त्याच घरातल्या माणसाचा चहा मी पिऊन बसले होते. राग शोधत होते, पण तो नेमका त्याच वेळी कुठे गेला होता कोण जाणे.

पुढच्या खेपेला मी मुद्दाम तुटक बोलायचं ठरवलं. पण त्याला हाक काय मारायची? मुंगीच्या काकांना मीही "अहो काका" म्हणाले.

"असं नका हो करू," तो कळवळून म्हणाला. "मी तुमच्यापेक्षा फार तर चार वर्षांनी मोठा असेन."

"मग तुम्ही मला मावशी का म्हणता?"

"तुम्हाला शोभतं म्हणून."

"अच्छा? म्हणजे मी म्हातारी दिसते?"

"नाही... म्हणजे..." तो गडबडला. मुंगी टेबलाखालून खदखदून हसली. झालं, माझा तुटकपणा तिथेच संपला.

मग सवयच लागली. शुक्रवारी मी मुंगीला वेळेवर न्यायचे, तो आधीच येऊन बसलेला असायचा, आणि त्याची बस सुटून जायची. रविवारी तो तिला वेळेवर आणायचा आणि माझी बस सुटून जायची. मुंगी कँटीनच्या दारातल्या झोपाळ्यावर झोके घ्यायची, आम्ही काचेतून तिच्यावर नजर ठेवायचो. नजर ठेवता ठेवता एकमेकांकडे जायची... मग दोघंही फोन काढायचो आणि आपापल्या घरी तोच निरोप पाठवायचो: गाडी उशिरा आहे. एरवी मी खोटं काही करते तर ते फक्त दात.

आणि घरी आल्यावर ताईचा रडवेला चेहरा दिसायचा. ती खिडकीत उभी राहून वाट बघत असायची. तेव्हा मला स्वतःचाच संताप यायचा. शुक्रवार आला की तो संताप कुठे विरघळायचा, तेही कळायचं नाही. डोक्याचा नुसता भुगा झाला होता.

एक दिवस ताई मला वकीलबाईंकडे घेऊन गेली.

"दर खेपेला रविवारी मुलगी उशिरा परत येते," वकीलबाई म्हणाल्या. "हा त्यांचा डाव आहे. आज उशिरा देतील, उद्या देणारच नाहीत. त्यांच्या राज्यात ठेवून घेतली की आपण बसू चकरा मारत. भेटी बंद करा असा अर्ज केलाय आपण. तुम्ही एवढंच सांगायचं, तो काका तिला उशिरा आणतो."

मी खुर्ची पुढे ओढली. "आणि... अर्ज मंजूर झाला तर मुंगी बाबांकडे जाणारच नाही?"

"सध्या तरी नाही."

बाहेर आल्यावर ताईने विचारलं, "तू गप्प का? नक्की कोणाच्या बाजूची आहेस?"

मी बूट घालायला वाकले आणि बराच वेळ वाकूनच राहिले.

कोर्टाने आधी सगळ्यांना मध्यस्थबाईंपुढे बसवलं. लांबलचक टेबल. एका टोकाला ताई, दुसऱ्या टोकाला भावोजी, मध्ये दोन वकील. आणि समोरासमोर मी आणि तो. त्याने नवा शर्ट घातला होता आणि माझ्याकडे बघायचं तो कसोशीने टाळत होता.

"मुलगी वेळेवर परत देत नाहीत," आमच्या वकीलबाई म्हणाल्या.

"मुळात मुलगी वेळेवर आणतच नाहीत," त्यांचे वकील म्हणाले. "आमच्या अशिलाच्या हाती ती पडते तेव्हा रात्र झालेली असते. बापाला तोडायचा प्रयत्न आहे हा, म्हणून ताब्यासाठी आम्हीही अर्ज केलाय."

मध्यस्थबाईंनी चष्मा काढला. "जातानाही उशीर, येतानाही उशीर. बस वेळेवर धावतात, मी चौकशी केलीय. मग तुम्ही दोघं तिथे करता काय?"

दोन्ही वकील कागद चाळू लागले.

"माझ्यामुळे झाला उशीर," तो म्हणाला. "मावशी वेळेवर यायच्या."

आता गप्प बसले असते तर ताई जिंकली असती. आणि मुंगीला तिचे बाबा दुरावले असते.

"खोटं बोलतायत हे," मी म्हणाले. "हे माझ्या आधी येऊन बसलेले असायचे. निघायला मीच उशीर करायचे."

"नाही हो, तिसरा चहा मी मागवायचो."

"प्यायचे तर मीच ना?"

"तुम्ही उठत होतात. मीच म्हणायचो, पाच मिनिटं बसा."

"आणि मी बसायचे. कोणी बांधून ठेवलं होतं का मला?"

मध्यस्थबाईंनी पेन खाली ठेवलं. वकीलबाईंनी कपाळाला हात लावला. ताई माझ्याकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर मला काहीच वाचता येईना.

"ताई, मला हा माणूस आवडतो," मी म्हणाले. "कसा काय, मला खरंच माहीत नाही. या सगळ्यांवर मी चिडलेली आहे, अजूनही आहे. पण मुंगीला कोणी अडवून ठेवलं नाही, इकडच्यांनी नाही की तिकडच्यांनी नाही. आम्हाला उठवत नव्हतं, एवढंच."

"मलासुद्धा," तो हळूच म्हणाला. मग घसा साफ करून मध्यस्थबाईंना म्हणाला, "म्हणजे, उठवत नव्हतं तेही. आणि... आवडतात तेही."

दोन्ही अर्ज मागे घेतले गेले. भेटी तशाच राहिल्या. मात्र मध्यस्थबाईंनी एक अट घातली: मावशी-काकांचं काम संपलं, यापुढे मुलीला आईवडीलच आणतील-नेतील, वेळ पाळून. निघताना त्या हसू दाबत होत्या की खोकला, मला कळलं नाही.

घरी जाताना ताई एवढंच म्हणाली, "मी त्या घरातून कशीबशी बाहेर पडले. आणि तू आत निघालीस." मग दोन आठवडे ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. मी त्याला फोन केला नाही. त्यानेही केला नाही. आपण प्रेमात पडलोय की नुसतेच पडलोय, हे मला ठरवता येईना.

शुक्रवारी ताई दारात थांबली. "चल. मला एकटीला त्या माणसासमोर उभं राहायचं नाही."

थांब्यावर भावोजी आले होते, सोबत तोही. दोघं भाऊ सारखेच अवघडलेले. ताई आणि भावोजी दप्तराबद्दल, औषधाबद्दल चार वाक्यं बोलले आणि कोणीच भांडलं नाही. मुंगी बाबांचा हात धरून बसमध्ये चढली. तो खालीच राहिला.

आमची बस लागली. ताई पायरीवर चढली आणि मागे वळली.

"मला हे आवडलेलं नाही. कधी आवडेल असंही वाटत नाही."

"माहितीये ताई."

"तिथे तू नसती बोललीस तर मी तिला बाबांपासून तोडलं असतं. रात्री झोप येत नाही मला त्या विचाराने." तिने डोळे पुसले. "वेळेवर घरी यायचा हुकूम मुंगीला आहे. तुला कोणी केलेला नाही."

ती आत जाऊन बसली. दार बंद झालं, बस निघाली, आणि मी तिथेच उभी.

तो धावत आला. "अहो, तुमची बस चुकली!"

"चुकली नाही," मी म्हणाले. "सोडली."

आणि मी त्याचा हात धरला.