बेटावरचा गंधपाल

एकशे साठ देशांचा करार होता. रसायनाचं कुठलंही पिंप बंदरात उतरण्याआधी तिथल्या गंधपालाने हुंगायचं आणि होकार द्यायचा. कागद खोटे करता येत, यंत्रं फसवता येत, नाकाला मात्र लाच देता येत नव्हती. गंधपाल म्हणजे नाकातल्या पेशींची जनुकं बदलून करारातल्या चारशे रसायनांचा वास ओळखायला लावलेला माणूस. विहिरीत एक थेंब पडला तरी त्याला कळे.

हरेश्वर चोगले हे वरदान अकरा वर्षं भोगत होता. साबण, रंग, नवं कापड, तेल लावलेलं डोकं, यांतलं काहीच त्याला जवळ सोसवत नसे. म्हणून तो बंदरासमोरच्या बेटावर एकटा राही. डबा होडीतून येई आणि होडीवाला तो धक्क्यावर ठेवून परत फिरे. चोगल्यांना आता सवय झाली, असं लोक म्हणत. लोकांचं काय जातं म्हणायला! रोज तो पडद्यावर नातवाला बघे आणि मग डबा तसाच राही.

आज सुटका होती. केनियाच्या डॉ. वांजिरू पडद्यावरून बोलत होत्या आणि दुभाषी यंत्र ते पुस्तकी मराठीत सांगत होतं.

"नाकात थेंब सोडताच पेशी पूर्ववत होतील. पुन्हा कधीही बदलता येणार नाहीत."

"म्हणजे चारचौघांसारखं नाक?"

"होय. भज्यांचा वास येईल, विषाचा येणार नाही."

धक्क्यावर लेक विशाखा पोराला कडेवर घेऊन उभी होती, नियमाप्रमाणे वीस पावलं लांब. वारा तिच्याकडून आला आणि हरेश्वरचा हात थेंबांच्या बाटलीवरच थांबला.

"पोराच्या अंगाला काय लावलंस?"

"काही नाही, आबा. आळीत सगळ्यांनी भातावर नवं औषध फवारलंय, स्वस्तातलं. तेव्हापासून हा नुसता झोपून असतो."

वास करारातल्या रसायनाचा होता. ते त्याच्याच बंदरातून आलं असणार, दुसरी वाटच नव्हती. मार्चमध्ये त्याला चार दिवस पडसं होतं. गंधपालाने पडसं कळवायचं, जहाजं थांबवायची, असा नियम. पण कळवलं असतं तर सुटका तीन महिने लांबली असती. त्याने कळवलं नाही. कागदावर खत लिहिलेल्या दोनशे पिंपांना वास न येताच होकार देऊन टाकला.

त्याने डॉक्टरांना सगळं सांगितलं. त्यांनी पडद्यावर बंदराभोवतीच्या गावांचा नकाशा उघडला.

"पिंपं गावोगाव फुटली असतील. ती शोधायला तुमच्या नाकाशिवाय..."

"ठाऊक आहे मला." त्याने बाटलीचं बूच घट्ट लावलं. "विशाखा, पोराला आधी दवाखान्यात ने. मी घरोघर हिंडून पिंपं शोधतो."

"म्हणजे घरी येताय ना, आबा?" ती पुढे आली.

"तिथंच थांब, बाय. तुमचा वास नाकात भरला तर मला दुसरं काही कळायचं नाही."